धृतिविभ्रंश : कंपवाताच्या रुग्णांतील औषधजन्य आवेगविकार

आवेगनियंत्रणाचे विकार हा मानसरोगतज्ज्ञांचा प्रांत आहे, आपला नव्हे, असा एक समज वैद्यवर्गात रूढ आहे. चोरी करण्याची अनावर प्रेरणा, आग लावण्याची प्रेरणा, क्रोधाचे अकस्मात उद्रेक ही या गटातील उदाहरणे पाहिली म्हणजे तो समज स्वाभाविकही वाटतो, कारण असे रुग्ण आपल्या चिकित्सालयाची पायरी क्वचितच चढतात. परंतु याच गटातील एक प्रकार असा आहे की त्याचा रुग्ण आपल्याकडे नियमाने येतो, मात्र आवेगाची तक्रार घेऊन येत नाही. तो हाताच्या कंपासाठी, मलबद्धतेसाठी, निद्रानाशासाठी आणि कधी वाजीकरणासाठी येतो. घरातील पैसे कोठे जात आहेत हे तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. कंपवाताच्या आधुनिक औषधांमुळे उत्पन्न होणारे आवेगविकार हा तो प्रकार होय. आपल्या नित्य वापरातील दोन द्रव्ये, कपिकच्छू आणि सर्पगंधा, या विकाराशी फार निकटचा संबंध ठेवून असल्याने त्याचा सविस्तर विचार येथे केला आहे.

वर्गीकरणाचा भाग थोडक्यात उरकू. अमेरिकन मानसरोगतज्ज्ञ संघटनेने १९८० च्या आपल्या वर्गीकरणात विकृत जुगारास आवेगविकारांत स्थान दिले. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत तो तेथून काढून व्यसनविकारांत ठेवण्यात आला, आणि केस उपटण्याचा विकार कल्पनाबद्ध कृतींच्या गटात गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून अमलात आले, चौर्यप्रेरणा, अग्निप्रेरणा, अनावर कामवर्तन व क्रोधोद्रेक हे आवेगविकार म्हणून गणले आहेत, तर जुगार आणि संगणकीय खेळांचे वेड व्यसनसदृश विकारांत घातले आहे. नावे व कप्पे बदलत राहिले तरी लक्षणांचा गाभा एकच राहिला : कृतीपूर्वी वाढत जाणारी ओढ, कृतीच्या वेळी सुटकेचे वा सुखाचे भान, नंतर पश्चात्ताप, आणि परिणाम ठाऊक असूनही पुनरावृत्ती.

संहितांतील आधार

चरकाचार्यांच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय आपण तेरा अधारणीय वेगांसाठी विद्यार्थिदशेत पाठ केलेला असतो. त्याच अध्यायात पुढे धारणीय वेग सांगितले आहेत, त्यांच्याकडे तितके लक्ष जात नाही. लोभ, शोक, भय, क्रोध, मान, निर्लज्जता, ईर्ष्या, अतिराग आणि अभिध्या हे मनाचे. परुष, असत्य वा अकाली बोलणे हे वाणीचे. परपीडा, परस्त्रीगमन, चौर्य आणि हिंसा हे शरीराचे. आधुनिक यादीतील चौर्यप्रेरणा, क्रोधोद्रेक, कामवर्तन आणि लोभमूलक जुगार या चारही गोष्टींची जागा या यादीत सापडते. येथे एक भेद महत्त्वाचा आहे. मूत्रपुरीषादी वेग अडविले तर रोग होतो आणि हे वेग अडविले नाहीत तर रोग होतो. अर्थात निरोगी पुरुषाच्या ठिकाणी ‘अडविणारी’ अशी एक शक्ती गृहीत धरलेली आहे.

ती शक्ती म्हणजे धृती. शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात प्रज्ञापराधाचे विवरण करताना धी, धृती व स्मृती या तिघींचे विभ्रंश वेगवेगळे सांगितले आहेत. धीविभ्रंशात हितास अहित आणि नित्यास अनित्य मानले जाते. स्मृतिविभ्रंशात तत्त्वज्ञानाचे स्मरण नष्ट होते. धृतिविभ्रंशात मात्र विषयांकडे झुकलेल्या मनास अहितापासून परत ओढता येत नाही, कारण नियमन हेच धृतीचे स्वरूप आहे. आवेगविकाराचा रुग्ण नेमका या तिसऱ्या जातीचा असतो. जुगाराने घर बुडत आहे हे तो जाणतो, म्हणजे धी शाबूत आहे. गेल्या महिन्यात किती गमावले हेही त्याच्या लक्षात असते, म्हणजे स्मृतीही शाबूत आहे. तरीही हात पुढे होतो.

काही लेखक या विकारांना चिकित्सास्थानातील अतत्त्वाभिनिवेशात बसवितात. प्रस्तुत लेखकास ते पटत नाही, कारण तेथे बुद्धीच विपरीत निश्चय करते. उन्मादाची आठ अंगे तपासली तरी येथे भक्ती, शील आणि आचार बदललेले दिसतात, परंतु संज्ञाज्ञान व बुद्धी सहसा अबाधित राहतात. हा ऊहापोह केवळ शास्त्रचर्चेसाठी नाही. ज्याची धी बिघडली आहे त्यास समजावून सांगण्याने लाभ होतो. ज्याची केवळ धृती बिघडली आहे त्यास उपदेश करणे म्हणजे त्याला जे आधीच ठाऊक आहे तेच पुन्हा ऐकविणे. नातेवाईक वर्षभर हेच करीत आलेले असतात, आणि त्याचा उपयोग झाला नाही म्हणून रुग्णास ‘निर्लज्ज’ ठरवून मोकळे होतात.

औषधाने धृती कशी ढळते?

कंपवातात मेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशींचा क्षय होतो. उपचारासाठी दोन मार्ग प्रचलित आहेत. एक, लेव्होडोपा, ज्यापासून मेंदूत डोपामिन तयार होते. दोन, प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल, रोटिगोटिन यांसारखी औषधे, जी डोपामिनच्या ग्राहींवर स्वतःच जाऊन काम करतात. हा दुसरा गट आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. पेशींचा क्षय सर्वत्र सारखा होत नाही. हालचालीशी निगडित असलेला वरचा भाग लवकर व अधिक रिकामा होतो. सुख, अपेक्षा आणि प्राप्तीचा आनंद यांच्याशी निगडित असलेला खालचा भाग बराच काळ त्या मानाने सुस्थितीत राहतो. त्यामुळे हाताचा कंप थांबविण्यास जी मात्रा पुरेशी असते तीच या दुसऱ्या भागास अतिमात्र ठरते. त्यातच प्रॅमिपेक्सोल व रोपिनिरोल यांचा ओढा तिसऱ्या प्रकारच्या डोपामिन-ग्राहींकडे विशेष आहे, आणि ते ग्राही याच भागात दाटीने आढळतात. एकाच देहात एका ठिकाणी क्षय व दुसऱ्या ठिकाणी वृद्धी अशी ही अवस्था आहे. दोषांच्या परिभाषेत विचार करणाऱ्या वैद्यास ती समजण्यास अवघड जाऊ नये.

याचे प्रमाण किरकोळ नाही. अमेरिका व कॅनडा येथील ४६ केंद्रांतील ३,०९० रुग्णांची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत १३.६ टक्के रुग्णांत चारपैकी किमान एक आवेगविकार आढळला : अनावर खरेदी ५.७, जुगार ५, अनावर आहार ४.३ आणि अनावर कामवर्तन ३.५ टक्के. ग्राहींवर थेट काम करणारी औषधे घेणाऱ्यांत हे प्रमाण १७.१ टक्के होते, न घेणाऱ्यांत ६.९ टक्के. कमी वय, अविवाहित असणे, धूम्रपान आणि घराण्यात जुगाराचा इतिहास असल्यास धोका अधिक दिसला. विकार औषध सुरू केल्यावर लगेच दिसेल असे नाही. कित्येक महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही तो प्रकट होतो, म्हणूनच औषधाशी त्याचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही.

दोन उपप्रकारांचा उल्लेख आवश्यक आहे. पहिल्यात रुग्ण वस्तू निरर्थकपणे हाताळीत बसतो : घड्याळ उघडतो, जोडतो, पुन्हा उघडतो; कपाट रात्रभर लावीत राहतो. घरचे यास ‘वेळ घालविण्याचे साधन’ समजतात. दुसऱ्यात रुग्ण लेव्होडोपाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने वाढवीत नेतो, जवळ साठा करतो आणि मात्रा कमी करण्यास कडाडून विरोध करतो. हा दुसरा प्रकार कपिकच्छूच्या संदर्भात पुन्हा येणार आहे.

हीच औषधे अन्य रोगांतही दिली जातात हे विसरू नये. रात्री पायांत अस्वस्थता येणाऱ्या विकारात अल्प मात्रेत प्रॅमिपेक्सोल वा रोपिनिरोल देतात. प्रोलॅक्टिन वाढलेल्या स्त्रियांना कॅबरगोलिन देतात. मानसरोगांत वापरल्या जाणाऱ्या ॲरिपिप्रॅझोलबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०१६ मध्ये जुगार, खरेदी, आहार व कामवर्तन यांच्या अनावर ओढीविषयी सावधगिरीची सूचना दिली. वंध्यत्वासाठी आपल्याकडे आलेल्या तरुण स्त्रीस अलीकडे खरेदीचे वेड का लागले, याचे उत्तर तिच्या औषधांच्या यादीत असू शकते.

कपिकच्छू : गुण तोच दोष

मद्रास येथे दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ मध्ये कपिकच्छूच्या बीजांतून लेव्होडोपा वेगळे केले. त्यावेळी कंपवाताशी त्याचा संबंध कोणासही ठाऊक नव्हता. पुढे मुंबईत डॉ. अशोक वैद्य व त्यांचे सहकारी यांनी कंपवाताच्या रुग्णांत या बीजचूर्णाचा अभ्यास करून १९७८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लंडन येथे २००४ मध्ये ८ रुग्णांवर झालेल्या तुलनेत ३० ग्रॅम चूर्णयोगाचा परिणाम सरासरी सुमारे ३५ मिनिटांत दिसू लागला, तर प्रचलित गोळीस सुमारे ६९ मिनिटे लागली. हे आपल्या शास्त्रास भूषणावह आहे यात संशय नाही. परंतु याच निष्कर्षांचा अर्थ असाही आहे की कपिकच्छू हे ‘निरुपद्रवी बल्य’ नव्हे. ते लेव्होडोपाच आहे, आणि जे द्रव्य झटकन चढते त्याची ओढ लागण्याची शक्यताही अधिक असते.

मात्रेचा हिशेब प्रत्येक वैद्याने एकदा कागदावर करून पाहावा. बीजांत लेव्होडोपाचे प्रमाण साधारणतः ४ ते ६ टक्के असते. ५ ग्रॅम बीजचूर्णात, ५ टक्के धरल्यास, २५० मिलिग्रॅम लेव्होडोपा होते. एरवी यातील बराच भाग मेंदूत पोचण्यापूर्वीच शरीरात खर्ची पडतो; म्हणूनच वरील अभ्यासात ३० ग्रॅमपर्यंत जावे लागले. परंतु जो रुग्ण आधीच लेव्होडोपा व कार्बिडोपा यांची संयुक्त गोळी घेत आहे, त्याच्या शरीरात तो खर्च अडविणारे कार्बिडोपा हजरच असते. ते आपल्या चूर्णातील लेव्होडोपाचेही तितकेच रक्षण करते. म्हणजे ‘सिंडोपा’ घेणाऱ्या रुग्णास दिलेले ५ ग्रॅम चूर्ण हे १०० मिलिग्रॅम लेव्होडोपाच्या दोन-अडीच गोळ्यांच्या जवळ जाते. न्यूरॉलॉजिस्टच्या टिपणात या अडीच गोळ्यांची नोंद कोठेही नसते. हालचाली अनावर झाल्या, भ्रम झाले, स्वभाव पालटला, की तो आपल्या लिहिलेल्या मात्रेत चूक शोधीत बसतो.

आता वाजीकरणाचा प्रश्न. असे चित्र डोळ्यांसमोर आणावे : साठीच्या आतबाहेरचे गृहस्थ, चार वर्षांपासून कंपवात, हात बऱ्यापैकी ताब्यात. ते एकटेच येऊन संकोचाने वाजीकरण योग मागतात. कंपवातात क्लैब्य पुष्कळ आढळते, तेव्हा मागणी रास्त वाटते, आणि वानरी गुटिका किंवा कौंचपाक देऊन आपण निरोप देतो. प्रत्यक्षात शक्ती घटलेली नसते, इच्छा अमर्याद वाढलेली असते; पत्नी त्रासून दुसऱ्या खोलीत झोपू लागलेली असते. येथे दिलेले प्रत्येक कपिकच्छूयुक्त औषध म्हणजे आगीत ओतलेले तूप होय. कंपवाताच्या रुग्णाने वाजीकरण मागितल्यास शक्ती कमी झाली आहे की इच्छा वाढली आहे, हा एक प्रश्न विचारल्यावाचून कोणताही योग देऊ नये.

सर्पगंधेचा धोका उलट दिशेचा

रुग्ण चिडतो, रात्रभर जागतो, ऐकत नाही, असे नातेवाइकांनी सांगितले की हात सर्पगंधा घनवटीकडे जातो. उन्माद व रक्तभार यांतील सर्पगंधेच्या उपयोगावर गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच लिहिले होते. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्या शोधनिबंधाने ती जगभर पोचली. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे झाले. त्यानंतरचा टप्पा आपल्या पाठ्यपुस्तकांत येत नाही. १९५७ मध्ये स्वीडनचे आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिन देऊन निश्चल केलेले ससे लेव्होडोपा देताच पुन्हा हालू लागतात असे दाखविले. कंपवातातील लेव्होडोपा-चिकित्सेचा पाया त्यातूनच घातला गेला, आणि कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. याचा व्यावहारिक अर्थ असा की सर्पगंधा मेंदूतील डोपामिनचा साठा रिता करते, म्हणजे कंपवातसदृश अवस्था स्वतःच उत्पन्न करू शकते, आणि विषादही आणते. कंपवाताच्या रुग्णास ती सर्वथा वर्ज्य समजावी. आवेग शमेल या आशेने दिली तर रुग्ण ताठेल, गिळण्यास त्रास होईल, आणि मन अधिक खचेल. आवेगविकाराच्या रुग्णावर कर्ज, कलह व लज्जा यांचे ओझे आधीच असते. त्यात औषधाने विषादाची भर पडली तर आत्मघाताचे विचार येण्यास वेळ लागत नाही.

विचारावे कसे?

या विकाराच्या निदानाला कोणत्याही तपासणीची गरज नाही, प्रश्नांची आहे. रुग्ण व त्याची पत्नी किंवा मुलगा यांना वेगवेगळे विचारावे, कारण एकमेकांसमोर खरे उत्तर येत नाही. ‘तुम्हाला जुगाराचे व्यसन आहे का?’ असे विचारल्यास उत्तर नकारार्थीच येणार. त्याऐवजी प्रथम सांगावे की या गोळ्यांमुळे काही जणांत असे बदल होतात आणि तो त्यांचा दोष नसतो. मग विचारावे की औषध सुरू झाल्यापासून लॉटरी, पत्ते, शेअरचे रोजचे व्यवहार किंवा भ्रमणध्वनीवरील पैशांचे खेळ यांत नव्याने मन जाते का. घरी पार्सले वाढली आहेत का? रात्री उठून गोड खाणे होते का? गोळ्या महिन्याआधीच संपतात का? पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये झाला. परंतु ओढ कायद्याने जात नाही, ती वाट बदलते, म्हणून एकाच प्रकारावर प्रश्न थांबवू नये. ही उत्तरे पहिल्या भेटीत रुग्णपत्रिकेवर नोंदवून ठेवली तर सहा महिन्यांनी झालेला बदल ओळखता येतो.

चिकित्सासूत्र

निदानपरिवर्जन हे पहिले सूत्र. येथे निदान म्हणजे औषधच. परंतु ते बंद करण्याचा अधिकार ज्याने ते लिहिले त्याचा आहे, आणि एकाएकी बंद करणे घातक आहे. लेव्होडोपा अकस्मात थांबविल्यास तीव्र ज्वर, ताठरपणा व संज्ञानाश होऊन प्राणावर बेतू शकते. ग्राहींवरील औषधे झटकन कमी केल्यास चिंता, घबराट, घाम, विषाद व औषधाची तीव्र ओढ अशी लक्षणे येतात आणि लेव्होडोपा वाढवूनही ती शमत नाहीत; २०१० मध्ये या अवस्थेचे स्वतंत्र वर्णन झाले. सात्म्य झालेले अहितकर द्रव्य क्रमाने सोडावे, हा चरकांचा उपदेश आणि पाव भागाने किंवा पावाच्याही पाव भागाने त्याग करावा, हे वाग्भटांचे वचन येथे शब्दशः लागू पडते. वैद्याने करावयाचे ते एवढे : आढळलेल्या लक्षणांचे पत्र न्यूरॉलॉजिस्टच्या नावे लिहून द्यावे, आपण देत असलेल्या प्रत्येक योगातील घटक त्यात स्पष्ट लिहावेत, आणि रुग्णास तोंडी ‘ती गोळी सोडा’ असे कधीही सांगू नये.

दुसरे सूत्र सत्त्वावजय, म्हणजे अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह. धृती स्वतःच ढळलेली असताना निग्रह कोणी करावयाचा? काही काळ तो बाहेरून उभा करावा लागतो. बँकेचे खाते संयुक्त करणे, मोठ्या रकमेस दुसऱ्याची सही लागेल अशी सोय करणे, भ्रमणध्वनीवरून व्यवहार करणारी साधने काढून टाकणे, निवृत्तीची रक्कम हाताशी न ठेवणे, गोळ्यांची डबी पत्नीकडे देणे, ही कामे उपदेशापेक्षा अधिक उपकारक होतात. त्यानंतर ओढ कोणत्या वेळी येते हे रुग्णाकडून लिहून घ्यावे. पुष्कळदा ती गोळी चढल्याच्या तासातच येते, आणि तो तास फिरणे, अभ्यंग किंवा घरच्यांच्या सहवासाने भरता येतो. लंडन येथे ४५ रुग्णांवर झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जास्तीत जास्त १२ बैठकींच्या वर्तनचिकित्सेने, प्रतीक्षेत ठेवलेल्या रुग्णांच्या तुलनेत, आवेग लक्षणीय घटले. त्यात रुग्णासोबत सांभाळणाऱ्या व्यक्तीसही सामील करून घेतले होते, ही गोष्ट आपल्या कुटुंबव्यवस्थेत अधिक सहज साधणारी आहे.

स्नेहन, मृदु स्वेदन, बस्ती ही वातशामक कर्मे बलाबल पाहून चालू ठेवण्यास प्रत्यवाय नाही; मलबद्धता गेली की गोळ्यांचे शोषणही अधिक नियमित होते. मंडूकपर्णी, शंखपुष्पी, गुडूची ही मेध्य रसायने देता येतील. यष्टीमधूच्या बाबतीत रक्तभार व सूज यांवर लक्ष ठेवावे. मात्र कारणीभूत गोळी पूर्ण मात्रेत चालू असताना एखादे मेध्य द्रव्य तिचा परिणाम पुसून टाकील, अशी आशा रुग्णास दाखवू नये.

औषधालयचालकांसाठी

कपिकच्छू चूर्ण, कौंचपाक आणि ‘शक्तिवर्धक’ नावाने विकले जाणारे योग चिठ्ठीवाचून नेले जातात. तेच गिऱ्हाईक महिन्यात दुसऱ्यांदा मोठी बाटली मागू लागले, हातात कंप दिसला, किंवा ‘गोळी कमी पडते म्हणून हे घेतो’ असे बोलले, तर ती औषधवृद्धीची खूण समजावी आणि वैद्याच्या चिठ्ठीचा आग्रह धरावा. एकाच द्रव्याला कौंच, कुहिली, खाजकुहिली, आत्मगुप्ता, वानरी अशी अनेक नावे असल्याने रुग्ण नकळत तीन योगांतून तेच द्रव्य घेत असतो. मांडणीत हे योग एकत्र ठेवले तर देणाऱ्याच्या लक्षात येणे सोपे जाते. आणि प्रॅमिपेक्सोल कमी केल्यावर कंप आवरण्यासाठी न्यूरॉलॉजिस्ट बहुधा लेव्होडोपा वाढवितो. नेमक्या त्याच आठवड्यात रुग्ण कंप वाढल्याची तक्रार घेऊन आपल्या दुकानी येतो व कपिकच्छू मागतो. त्या वेळी चूर्ण न देता त्याला त्याच्या वैद्याकडे परत पाठवावे.